उद्घाटनाच्या दिवशीचे मोजे

श्युआन बाइशिंगने बायकोला सोडलं तेव्हा दाथांग गावात कुणी हूं की चूं केलं नाही. शेठ लोकांच्या घरातलं भांडण, आपण कशाला मध्ये पडा? पण त्याच बायकोने, लुओ पेइफांगने, वर्षाच्या आत इटालियन कंपनीच्या शाखेत नोकरी धरली आणि बघता बघता तिथली प्रमुख झाली, तेव्हा मात्र गावाच्या जिभा सुटल्या. मोजे विणायची इटालियन यंत्रं आणि श्युआनची यंत्रं एकाच गल्लीत, समोरासमोर विकायला ठेवलेली. म्हणजे सकाळी शटर वर गेलं की दोघांनी आधी एकमेकांचं तोंड बघायचं. गल्लीतल्या बायकांना बसल्या जागी करमणूक झाली.

मग श्युआनने इटालियन कंपनीवर पेटंटचा दावा ठोकला.

आता हे पेटंट कशाचं, तर एका चिमट्याचं. मोजा यंत्रातून विणून पडतो तो नळीसारखा, बोटांकडचं तोंड उघडं. ते तोंड बंद करायला बायका बसवाव्या लागतात. श्युआनने असा चिमटा काढला की तो मोजा उचलतो, उलटवतो आणि यंत्रातल्या यंत्रात तोंड शिवून मोकळा होतो. डोकं त्याचंच होतं. माणूस कसाही असो, त्याच्या डोक्याला नाव ठेवायची सोय नव्हती, आणि पेइफांगनेही कधी ठेवलं नाही. इटालियनांनी त्यांच्या देशात जवळजवळ तसाच चिमटा बनवला होता, कुणाचं न बघता. पण इथं अर्ज आधी पडला तो श्युआनचा, आणि कायद्याला अर्ज आधी कुणाचा तेवढंच कळतं.

कोर्टाची माणसं गिऱ्हाइकांच्या कारखान्यांत जाऊन इटालियन यंत्रांचे फोटो काढून आली. पेइफांगचा फोन तापला.

"बाई, पैसे मोजून यंत्र घेतलं ना तुमच्याकडून? मग माझ्या दारात कोर्टाची गाडी कशाला? शेजारीपाजारी मला चोर समजायला लागलेत!"

"थोडा दम धरा, शेठ."

"दम तुमच्या इटलीवाल्याला धरायला सांगा. मी चाललो श्युआनकडे."

इटलीवाल्यांनी तर दम धरायचं नावच काढलं नाही. वरून निरोप आला तो सरळ होता. श्युआनचं पेटंट रद्द करून घेता आलं तर ठीक, नाहीतर दाथांगची शाखा बंद. शाखेतले सगळे कारागीर पेइफांगने स्वतः निवडलेले, स्वतः शिकवलेले. ते कुठे जातील ते जातील, तरुण आहेत. पण ती कुठे जाणार? पन्नाशीला आलेली बाई, तिला मोज्यांच्या यंत्राखेरीज दुसरं काही येत नाही, आणि दाथांगातल्या प्रत्येक यंत्रवाल्याचं श्युआनशी उठणं-बसणं. श्युआनने पुतण्याच्या लग्नात पिवळ्या दारूचा पेला हातात धरून सगळ्यांदेखत सांगितलंच होतं, "बघत राहा. बाई माझ्या फाटकाशी येऊन उभी राहील. आणि मी काही वाईट माणूस नाही, ठेवून घेईन तिला. शिलाईला बसवीन!"

लोक हसले. पेइफांगच्या कानावर हे आलं तेव्हा ती जेवत होती. तिने काड्या खाली ठेवल्या आणि ताट सारलं. शिलाई हा शब्द त्याने का वापरला ते गावात फक्त दोघांना ठाऊक होतं, तिला आणि त्याला.

ते असं झालं होतं. लग्न टिकून होतं तेव्हाची गोष्ट. चिमटा तयार झाला, श्युआनने नवा कारखाना बांधला, आणि मुहूर्तवाल्या बुवाने उद्घाटनाला सहाव्या महिन्यातला दिवस काढून दिला. पत्रिका वाटून झाल्या. डुक्कर ठरलं, आचारी ठरला, फटाक्यांच्या माळा आल्या. आणि दिवस तोंडावर आला असताना चिमट्याचा दांडा मधोमध मोडला. नवा ओतून, घासून बसवायला दोन आठवडे तरी हवे होते.

पेइफांग म्हणाली, "पुढे ढकल. त्यात काय एवढं?"

"मुहूर्त पुढे ढकलू? वेड लागलंय तुला? लोक म्हणतील श्युआनचं यंत्र चालत नाही!"

"चालत नाहीच आहे सध्या."

"ते तुला आणि मला माहीत आहे. लोकांना कशाला कळायला हवं?"

यंत्र विणलेला मोजा हवेच्या जोराने नळीत ओढून घेतं आणि टोपलीत टाकतं, तशीच त्याची बांधणी असते. श्युआनने ती नळी फळ्यांच्या भिंतीमागं नेली. तिथं शिलाईचं छोटं यंत्र मांडलं, त्यावर बायकोला बसवलं. उघड्या तोंडाचा मोजा नळीतून तिच्या मांडीवर यायचा, तिने तो शिवायचा आणि दुसऱ्या नळीत सोडायचा. पुढे दोनशे पाहुण्यांसमोर टोपलीत मोजा पडायचा तो शिवून, इस्त्री केल्यासारखा. लोक टाळ्या वाजवायचे. बाहेरच्या माणसावर असल्या कामात भरवसा कसा ठेवणार? म्हणून बायको.

फळ्यांमागं पंखा नव्हता. फटाक्यांचा धूर फटींतून आत येत होता आणि पेइफांग घामाने निथळत शिवत होती. मोजेवाल्यांच्या संघाचे म्हातारे फू शेठ विचारताना तिने ऐकलं, "वहिनी दिसत नाहीत कुठे?"

"तिला जरा बरं नाही," श्युआन म्हणाला. "आणि असती तरी काय उपयोग? चिमटा म्हटलं की तिला वाटतं भाजी उचलायचा!"

केवढा हशा पिकला. पेइफांगच्या मांडीवर पुढचा मोजा आला, तिने तोही शिवला.

एवढ्यावरही तिने संसार मोडला नसता. बायका काय काय गिळतात, हे दाथांगात कुणी कुणाला शिकवायला नको. पण पाहुणे गेल्यावर घरी ती एवढंच म्हणाली, "आज मी होते म्हणून निभावलं, हो ना?" तिला शाबासकीसुद्धा नको होती, नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. श्युआन बूट काढत होता. वर न बघता म्हणाला, "कसलं निभावलं? तसलं काही झालंच नाही. डोक्यातून काढून टाक." दार बंद, घरात दोघंच, ऐकायला भिंतीसुद्धा नाहीत म्हणावं असं मोठं घर. तरी हा माणूस बोलला नाही. त्या दिवशी पेइफांगच्या मनातून तो उतरला तो उतरलाच, आणि मग वर्षभर रोज भांडणं. शेवटी त्यानेच तिची पेटी बाहेर ठेवली.

पुढे दोन आठवड्यांनी चिमट्याचा नवा दांडा बसला, यंत्र खरोखर चालायला लागलं, आणि त्यानंतर श्युआनने पेटंटचा अर्ज टाकला.

इटालियन कंपनीने शांघायहून वकील आणला होता, च्वांग नावाचा. पोरगेला, चष्मेवाला, बोलायला गोड. त्याने उद्घाटनाची तारीख पाहिली, अर्जाची तारीख पाहिली आणि उडालाच.

"ताई, अहो हेच तर हवंय! अर्जाच्या आधी वस्तू चारचौघांत दाखवली की पेटंट मेलंच म्हणून समजा. मग ती स्वतः मालकाने का दाखवली असेना! दोनशे माणसांसमोर दाखवलाय चिमटा. त्यांतले दोन साक्षीदार मला आणून द्या."

"कोण येईल? सगळी त्याच्या ताटात जेवलेली माणसं."

"मग तुम्ही सांगा. तुम्ही तर घरच्याच होता."

पेइफांगने त्याला खरं काय ते सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं. सांगताना तिचा आवाज जरा कापला. च्वांगने तिकडे लक्ष दिलं नाही, त्याचा चेहरा पडला होता.

"म्हणजे चिमटा यंत्रात नव्हताच?"

"नव्हता."

"मग दाखवला कसला? दाखवलं काहीच नाही, पेटंट शाबूत!" त्याने कपाळावर हात मारला. "ताई, कृपा करा. हे दुसऱ्या कुणापुढे बोलू नका. सुनावणीत मी त्या दिवसाचा व्हिडिओ लावतो, टोपलीत मोजे पडताना दिसतात. तेवढ्यावर काही जमलं तर जमलं. तुम्ही तोंड उघडू नका."

"आणि नाही जमलं तर?"

"तर नाही जमलं."

तिने श्युआनबरोबर तेवीस वर्षं काढली होती, त्या चष्मेवाल्याने एक दिवसही नाही.

पेटंट रद्द करायचा अर्ज इटालियन कंपनीने घातला, म्हणजे सुनावणीत अर्जदार ती. बीजिंगहून पेटंटवाल्यांचं तिघांचं मंडळ त्यासाठी जवळच्या जुजी शहरात आलं. सुनावणी खुली, कुणीही येऊन बसावं. आमचं गाव अशी संधी सोडतं होय? खिशात सूर्यफुलाच्या बिया भरून अर्धं दाथांग मागच्या बाकांवर येऊन बसलं. पहिल्या रांगेत फू शेठ, काठीवर दोन्ही हात ठेवून. श्युआन आला तो नवा कोट घालून, सगळ्यांना नमस्कार-चमत्कार करत. पेइफांगच्या टेबलाजवळून जाताना थांबला.

"चहा पिऊन घे. फुकट आहे. पुढे कोण पाजणार?"

"तूच पाज की. फाटकाशी येणार आहे म्हणे मी."

"ये ना. पण मागच्या फाटकाशी ये, कामगारांच्या."

मंडळाच्या अध्यक्षा लेंगबाई. केस आखूड, बोलणं त्याहून आखूड. त्यांनी च्वांगचा व्हिडिओ पाहिला. लाल कापड ओढलं जातंय, फटाके वाजताहेत, टोपलीत मोजे पडताहेत, टाळ्या. दोनदा पाहिला आणि चष्मा काढला.

"यात यंत्राचं बाहेरचं अंग दिसतं. झाकण बंद आहे. आत कसला चिमटा होता, मुळात होता का, यातून काहीच कळत नाही. अर्जदारांकडे आणखी काही?"

च्वांग कागद चाळत राहिला. श्युआनचा वकील थाओ, जाडजूड आणि निवांत, त्याने खुर्चीत अंग सैल सोडलं. मागे कुणीतरी बी फोडली.

ती उभी राहिली.

"मला सांगायचंय. त्या दिवशी यंत्रात चिमटा नव्हताच."

च्वांगने तिची बाही धरून ओढली. तिने ती सोडवून घेतली.

थाओचा तर आनंद गगनात मावेना. तो ताडकन उठला. "नोंद घ्यावी! अर्जदार स्वतःच सांगताहेत. आमचं यावर काहीही म्हणणं..."

"काय नव्हता?" श्युआन ओरडला.

"चिमटा," पेइफांग म्हणाली. ती मंडळाकडे बघून बोलत होती, पण आवाज मागच्या बाकापर्यंत जाईल असा चढवला होता. "मोडून पडला होता. मुहूर्त टळू नये म्हणून या माणसाने मला फळ्यांच्या मागं शिलाईवर बसवलं. टोपलीत पडला तो एकूणएक मोजा माझ्या हातचा. यंत्राने एकसुद्धा शिवला नाही."

बाकांवर खळबळ उडाली. कुणीतरी फिसकन हसलं, आणि ते हसू श्युआनच्या कानात गेलं. त्याचे कान लाल झाले. तेवीस वर्षांत पेइफांगने ते कान कितीदा तरी तसे होताना पाहिले होते, आणि पुढे काय होतं तेही पाहिलं होतं.

"खोटं! साफ खोटं बोलते ही! सूड उगवायला आलीय!"

"श्युआन शेठ, खाली बसा," थाओ दात आवळून पुटपुटला. "बोलू दे तिला. आपल्याच फायद्याचं बोलतेय."

"फायद्याचं? माझी अब्रू काढतेय ती!"

"मग झाकण का नाही उघडलंस?" पेइफांग म्हणाली. "दोनशे माणसं जेवून गेली. एकाला तरी आत डोकावू दिलंस? व्हिडिओत बघ, झाकण बंद. आत काही असतं तर बंद कशाला ठेवलं असतंस? तुझ्यासारखा मिरवणारा माणूस!"

"उघडलं होतं! व्हिडिओ संपल्यावर उघडलं!"

"आणि?"

"आणि काय? फू शेठचा हात धरून आत दाखवलं! वरचं बोट टाचेकडून कसं धरतं, खालचं तोंड कसं उलटवतं, सुई कुठून येते, सगळं समजावून सांगितलं. ज्याला डोळे आहेत तो घरी जाऊन तस्सा चिमटा बनवेल, इतकं दाखवलं मी! विचारा, विचारा त्यांना!"

थाओने डोळे मिटून घेतले.

श्युआन मागे वळून बाकांकडे बघत होता. आता फू शेठ बिचारे काय करणार? त्या दिवशी त्यांनीच तर भाषण ठोकलं होतं, दाथांगचं नाव जगात गाजवणारा मोजा म्हणून. तो मोजा हातात धरलेला त्यांचा फोटो संघाच्या कचेरीत भिंतीवर आहे. बाईच्या हातचा मोजा यंत्राचा समजून आपण डोक्यावर घेतला, असं कुठला म्हातारा चारचौघांत कबूल करील? त्यांनी हळूहळू मान डोलावली. त्यांची डोलली तशी बाजूच्यांचीही डोलली.

"पाहिला होता," एकजण म्हणाला. "आम्ही सगळ्यांनीच पाहिला."

"प्रेक्षकांनी गप्प बसावं," लेंगबाई म्हणाल्या. त्यांनी लेखनिकाकडे पाहिलं. लेखनिक मुलगी टकटक करत सगळं उतरवून घेत होती. "पेटंटधारकांनी आत्ता जे सांगितलं त्यावर ते ठाम आहेत का?"

"विश्रांती हवी," थाओ घाईने म्हणाला. "थोडा वेळ. मला माझ्या पक्षकाराशी बोलायचंय."

विश्रांती मिळाली. बाहेरच्या व्हरांड्यात थाओने श्युआनला खांबाआड नेऊन जे काय ऐकवलं ते लांबून ऐकू येत नव्हतं, पण हातवारे पुरेसे होते. श्युआन आधी मान हलवत होता, मग हलवायचा थांबला. च्वांगला तर आपण काय पाहिलं यावर अजून विश्वास बसत नव्हता. तो पेइफांगकडे भूत बघावं तसं बघत होता.

"ताई, असं करणार आहात ते तुम्ही मला आधी सांगायचं होतं."

"सांगितलं असतं तर तू मला आत आणलंच नसतंस."

ती पाण्याच्या बंबाशी गेली. पेला भरत होती तोच श्युआन शेजारी येऊन उभा राहिला. जवळ दुसरं कुणी नव्हतं.

"डाव टाकलास."

"खरं बोलले. खऱ्याला डाव म्हणतात होय हल्ली?"

"साप आहेस तू. मी आधीच ओळखायला हवं होतं."

"मग आता ओळख. अजून काही बिघडलेलं नाही." पेइफांगने पेला खाली ठेवला. "आत जा आणि एकच वाक्य बोल. म्हण, रागाच्या भरात बोललो, ही सांगते ते खरं आहे, मोजे हिने शिवले होते. पेटंट तुझं. शाखा बंद. मी उद्या तुझ्या मागच्या फाटकाशी, बस शिलाईला म्हणालास तर शिलाईला. तुला जे जे हवं होतं ते सगळं एका वाक्यात मिळेल."

श्युआनने दाराच्या काचेतून आत पाहिलं. गाववाले त्याच्याकडेच बघत होते. फू शेठनी काठी उंचावून त्याला धीर दिला.

"त्यांच्यापुढे म्हणू? सगळ्या गावाला फसवलं म्हणून?"

"फसवलंसच."

"ते तू म्हणतेस."

"बाइशिंग," ती म्हणाली, आणि कितीतरी वर्षांनी तिने त्याला नावाने हाक मारली. "आत जाऊन तुला काय म्हणायचं ते म्हण. पण इथं कोण आहे? तू आणि मी. इथं तरी म्हण. मी तिथं होते एवढंच म्हण."

आणि खरं सांगायचं तर त्या घटकेला ती शाखा विसरली, ते कारागीर विसरली, इटलीवाले विसरली. त्याने ते नुसतं तिच्या कानात म्हटलं असतं तर ती आत जाऊन खटला हरूनसुद्धा आली असती. इतकी वर्षं त्या एका गोष्टीसाठी तिचा जीव जळत होता, आणि आता तिला स्वतःचीच लाज वाटली, की अजूनही या माणसाकडून आपल्याला काहीतरी हवंय.

श्युआनने तिच्याकडे पाहिलं. तो खोटं बोलायच्या तयारीत असला की डोळे बारीक करायचा, तसे त्याने केले नाहीत. त्याचे डोळे अगदी साधे होते.

"तसलं काही झालंच नाही," तो म्हणाला.

त्याला ते खरंच वाटायला लागलं होतं. इतकी वर्षं ती ज्याच्याशी भांडत होती त्या माणसाच्या डोक्यात ती फळ्यांमागची बाई उरलेलीच नव्हती.

आत सगळे बसल्यावर लेंगबाईंनी विचारलं, "पेटंटधारक?"

थाओने एक शेवटचा प्रयत्न केला, श्युआनच्या दंडावर हात ठेवला. श्युआनने तो झटकला. पडलो तरी नाक वर, तशी त्याची जातच.

"मी बोललो ते शब्दन् शब्द खरं. चिमटा यंत्रात होता, चालू होता, आणि मी तो पाहुण्यांना उघडून दाखवला. ही बाई त्या दिवशी आजारी होती, घरी पडून होती. सगळ्या गावाला माहीत आहे."

"अर्जदार," लेंगबाई पेइफांगकडे वळल्या. "तुमचं म्हणणं याच्या उलट आहे. ते कायम ठेवता की मागे घेता?"

च्वांग तिच्या कानाशी लागला. "मागे घ्या, ताई. मागे घेतलंत की वादच उरत नाही. ते म्हणतात दाखवला, आपणही म्हणतो दाखवला. आजच्या आज निकाल. कायम ठेवलंत तर मंडळ खोलात शिरेल, आणि खोलात शिरलं तर..." त्याने पुढचं बोलायचं टाळलं.

पेइफांगने समोर पाहिलं. लेखनिक मुलगी बोटं वर धरून वाट बघत होती. श्युआन कोटाची बटणं लावत होता. खरं तेच होतं जे ती बोलली होती, आणि ते कायम ठेवलं तर तो जिंकणार होता. बरं, त्याला हरवायचं तर त्याच्याच खोट्यावर तिने अंगठा उठवायचा. असला न्याय, आणि तो करायला तीन माणसं बीजिंगहून गाडी करून आलेली. तिला वाटलं हसावं, पण हसू कुठून येणार?

शाखेतल्या पोरांचे चेहरे तिने डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला. आले खरे, पण लांबून आले.

"मागे घेते," ती म्हणाली.

"कारण?"

"चुकीचं होतं."

"म्हणजे त्या दिवशीचे मोजे यंत्राने शिवले, हे तुम्हाला मान्य?"

"मान्य."

"आणि तुम्ही तिथं नव्हता."

"नव्हते."

मागच्या बाकांवरून एक मोठा सुस्कारा निघाला, समाधानाचा. लेखनिक मुलीने कागद छापून काढले. आधी श्युआनने सही केली, ऐटीत, शेवटच्या रेघेला झोका देऊन. मग कागद पेइफांगकडे आले. तिने वाचले नाहीत. जिथं मुलीने बोट ठेवलं तिथं सही करून दिली.

मंडळाने थोड्याच वेळात निकाल सांगितला. पेटंट रद्द. पण तो निकाल सांगितला कायद्याच्या भाषेत, कलमं आणि पोटकलमं लावून, आणि मागच्या बाकांवर त्यातलं अर्धंही कळलं नाही. त्यांना कळलं ते एवढंच, की बाई खोटं बोलली होती आणि पकडली गेली. श्युआन बाहेर पडला तर त्याच्याभोवती कोंडाळं. हा सिगारेट पुढे करतोय, तो काडी ओढून धरतोय. "धुतली तिला, शेठ! चारचौघांत शब्द मागे घ्यायला लावलात!" श्युआन हसत होता. थाओ लांब भिंतीशी एकटाच उभा होता, आणि त्याला कुणी काही विचारत नव्हतं.

च्वांग जिन्यावरच इटलीला फोन लावून ओरडत होता, जिंकलो, जिंकलो. पेइफांग त्याच्या बाजूने पायऱ्या उतरत खाली आली. फाटकाशी फू शेठ गाडीची वाट बघत उभे होते. तिला बघून त्यांनी काठी आडवी धरली. म्हातारा मनाने वाईट नव्हता, त्याला खरोखरच वाईट वाटलं होतं.

"पेइफांग, तुला सून म्हणून आणली तेव्हापासून ओळखतो मी. नवऱ्याशी वैर असेल, मला मान्य आहे. पण पोरी, इतकं खोटं बोलू नये. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलाय गं तो चिमटा."

पेइफांगने त्यांच्याकडे पाहिलं. जिन्यावरून च्वांगचा आवाज अजून येत होता.

"हो, शेठ," ती म्हणाली. "चुकलंच माझं."